मॉरिसला पट्टे लावले तेव्हा

एम्रिस असता तर त्याने मला
हातात ड्रिल घेऊन गॅरेजचा उंबरा ओलांडू दिला नसता.
चौपन्न सालची मॉरिस मायनर, अख्ख्या बाला गावात एक,
एकही स्क्रू बदललेला नाही, असं तो
जेवणाआधीची प्रार्थना म्हणावी तसं म्हणायचा.

तेगिद म्हणाला, एलुनेड, भोकं पाडली की पाडलीच हं.
पाड, म्हटलं.
दाराच्या खांबातून चुरा सांडला,
कुरळा, चकचकीत.
सत्तर वर्षांच्या रंगाखाली लोखंड इतकं कोरं असतं
हे मला माहीत नव्हतं.

ऑगस्टच्या प्रदर्शनात पंचाने चार गुण कापले.
दोन पट्ट्यांचे,
दोन मागच्या काचेतल्या तिसऱ्या लाल दिव्याचे.
वाईट वाटलं त्यालाच.
मी त्याला थर्मासमधला चहा दिला.

आता नात चालवते, मी शेजारी.
हेलेद, ऐक.
ही गाडी सांगितल्या सांगितल्या थांबत नाही,
आधी जरा विचार करते.
चारी चाकांना ड्रम ब्रेक,
खिंडीच्या उतारावर तापले की ऐकून न ऐकल्यासारखं करतात.
म्हणून उतार लागायच्या आत गिअर उतरव,
इंजिन कण्हलं तर कण्हू दे.

पुढच्यापासून अंतर ठेव.
त्या अंतरात कोणीतरी घुसेलच.
पांढरी व्हॅन, नाहीतर छतावर चार सायकली बांधून
समुद्राकडे निघालेलं बिऱ्हाड.
चिडू नकोस. पाय सैल कर,
पुन्हा तेवढंच अंतर ठेव.
पुन्हा घुसतील.
कॉर्वेनपर्यंत आपण नुसती जागाच वाटत जायची.
मागे रांग लागली तर थांब्यावर बाजूला हो,
जाऊ दे सगळ्यांना,
त्यांच्या घाईशी आपलं काही भांडण नाही.

वळताना खांबातून एक इवलासा नारिंगी हात बाहेर येतो,
उत्तर येत असलेल्या बुजऱ्या मुलाने वर्गात वर करावा तसा.
थंडीत अर्ध्यावर अडकतो. आतून एक बुक्की घाल.
पण तो आता कोणाला वाचता येत नाही.
तेगिदने लुकलुकते दिवे लावलेत, तरीही
काच उतरवून आपला हात काढ बाहेर.
लोक उलट हात हलवतील.
त्यांना वाटतं, टाटा करतेय.
कोणी तर शेजारून तेवढ्याच वेगाने चालत
फोन धरून फोटो काढेल.
मला भीती वाटते ती याचीच, पोरी.
आपल्याकडे सगळे बघतात,
आपण काय करणार आहोत
ते कोणी बघत नाही.

आणि अंधाराच्या आत घरी.
हिचे दिवे रस्ता दाखवत नाहीत,
फक्त अंधार किती आहे ते दाखवतात.

हे सगळं मी बोलत होते, आणि वळणावर मेंढी.
एकच, निवांत, मधोमध,
तोंडात गवत.

हेलेदने पाय दाबला.
मॉरिसने विचार केला.
एक वार, दोन वार, फार लांबवर विचार केला,
आणि मेंढीच्या अलीकडे, लोकरीतले काटे मोजता येतील इतक्या जवळ,
उभी राहिली.

पट्टा छातीवर आवळला होता.
आणि पट्ट्यावर हेलेदचा डावा हात.

तिला कोणी शिकवलं नव्हतं.
एकेचाळीस वर्षं प्रत्येक ब्रेकला
एम्रिसचा हात असाच आडवा यायचा.
मूळ गाडीत पट्टा नव्हता, तर तेवढाच होता:
घड्याळ घातलेला, ग्रीसचा वास येणारा.

मेंढीने आम्हाला नीट न्याहाळलं.
मागे कोणीतरी हॉर्न दिला.

दोन्ही हात स्टिअरिंगवर, मी म्हटलं,
जरा जास्तच जोरात,
आणि तिचा हात उचलून
जागेवर ठेवला.